बंदर म्हणजे शहर नव्हे

सोलापूरच्या व्यापारी घराण्यांना परदेशप्रवासाची अपूर्वाई आता उरलेली नाही. टॉवेल-चादरींच्या मागण्या मिळवण्यासाठी युरोपातील प्रदर्शनांना जाणारे, मुलांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिका-इंग्लंडला जाऊन आलेले अनेक जण आपल्या परिचयात असतात. गेल्या काही वर्षांत मात्र एका वेगळ्या प्रवासाची चौकशी पेढीवर, लग्नकार्यांत आणि सकाळच्या फिरण्याच्या वेळी वारंवार कानी येते. ती म्हणजे भूमध्य समुद्रातील जलपर्यटनाची, अर्थात क्रूझची. ‘एकदा सामान खोलीत ठेवले की आठ दिवस उचलावे लागत नाही, रोज सकाळी नवे शहर दाराशी येते,’ हे तिचे मुख्य आकर्षण. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना आणि लहान मुलांच्या आयांना हे वाक्य विशेष पटते, आणि त्यात तथ्यही आहे. पण ‘शहर दाराशी येते’ हा भाग प्रवाशाने तपासून घ्यायला हवा. दाराशी येते ते बंदर. शहर अनेकदा तिथून तास-दीड तासाच्या अंतरावर असते.

आमच्या घरातील सहा माणसांनी असा प्रवास मे महिन्यात केला. आधी तीन रात्री रोम, मग सात रात्री जहाज आणि शेवटी तीन रात्री बार्सिलोना. त्याची आखणी आदल्या ऑक्टोबरपासून चालली होती. ती कोणत्या विचाराने केली हे सांगावे, म्हणजे ज्यांच्या मनात असा प्रवास आहे त्यांना आपला हिशेब आपणच मांडता येईल, एवढाच या लेखाचा हेतू.

भूमध्य समुद्रातील बंदरांशी आपला संबंध क्रूझच्या जाहिरातींनी जोडलेला नाही, तो जुना आहे. सोलापुरात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांची मक्तेदारी असलेल्या जलमार्गावर भारतीय मालकीचे जहाज नेण्याचे ते धाडस होते. त्याच दिवसाची आठवण म्हणून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो.

त्या काळच्या प्रवाशांच्या वाटा पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. मुंबईहून एडन, सुएझ, पोर्ट सैद करत आलेले लोक पुष्कळदा मार्सेय किंवा ब्रिंडिसी येथे उतरत आणि पुढचा प्रवास आगगाडीने करत. 1931 साली गोलमेज परिषदेला निघालेले महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीने 11 सप्टेंबरला मार्सेयला उतरले आणि तिथून रेल्वेने पुढे गेले. परतताना स्वित्झर्लंड आणि रोम येथे थांबून 14 डिसेंबरला ब्रिंडिसीहून ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले. बंदराचा उपयोग त्या पिढीने दरवाजासारखा केला. घर पाहायचे तर दरवाजातून आत जाऊन मुक्काम केला पाहिजे, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. आजच्या क्रूझमध्ये मात्र सकाळी दरवाजात उभे राहायचे, संध्याकाळी मागे फिरायचे आणि घर पाहिल्याचे समाधान मानायचे, असा प्रकार होण्याचा संभव असतो.

तो टाळण्यासाठी मी बँकेतली जुनी सवय वापरली. कर्जप्रकरण पाहताना एकूण उलाढालीपेक्षा निव्वळ शिल्लक पाहावी, असे आम्हाला शिकवलेले असते. तोच नियम बंदराला लावता येतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘सकाळी 8 ते सायंकाळी 6’ असे छापलेले असते. हे झाले एकूण 10 तास. त्यातून वजावट करत जावे.

चिवितावेक्किया हे उदाहरण घेऊ. सम्राट ट्रेजनने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी बांधलेले हे बंदर आज ‘रोम’ म्हणून विकले जाते. प्रत्यक्ष रोम तिथून सुमारे 70 ते 80 किलोमीटर आहे. जहाजातून बाहेर पडायला अर्धा तास. सुटण्यापूर्वी जहाजावर परत असण्याची अट आणि आपली थोडी सावधगिरी मिळून एक तास. बंदराच्या बसने स्थानकापर्यंत जाणे-येणे आणि थांबणे मिळून एक तास. रेल्वेचा प्रवास जाताना एक आणि येताना एक, असे दोन तास. रोमच्या स्थानकावरून इष्ट स्थळी जाण्या-येण्याचा आणखी एक तास. वजावट साडेपाच तासांची झाली. हाती उरले साडेचार. या साडेचार तासांत कोलोसियम, व्हॅटिकन आणि जेवण बसवायचे म्हणजे रोम पाहणे नव्हे, रोममधून धावणे होय.

याच रीतीने लिव्होर्नोहून फ्लोरेन्सचा हिशेब केला तर निव्वळ चार तास उरतात. पिरिअसहून अथेन्सला मेट्रो आहे, अंतरही सुमारे 10 किलोमीटरच, त्यामुळे साडेसहा तासांपर्यंत मिळू शकतात. नेपल्सचे बंदर शहराच्या मध्यातच आहे, तिथे आठ तास हाती येतात. बार्सिलोनाचे बंदरही शहराला लागून आहे. माल्टाच्या व्हॅलेटाला जहाज किल्ल्याच्या तटाखालीच लागते आणि वरच्या बराक्का उद्यानापर्यंत उंच लिफ्ट आहे. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी ही मोठीच सोय. याउलट सँटोरिनीला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. छोट्या होडीतून किनाऱ्यावर जावे लागते आणि तिथून फिरा गावापर्यंत एक तर जवळजवळ सहाशे पायऱ्या किंवा केबल कारची रांग. ती रांगही वजावटीत धरावी.

या हिशेबातून आम्ही आमच्यापुरता एक नियम ठरवला. ज्या बंदराचे निव्वळ तास एकूण तासांच्या निम्म्याहून कमी भरतात, ते दूरचे शहर त्या बंदरातून पाहायचे नाही. त्या दिवशी बंदराचेच गाव किंवा जवळचे एखादे छोटे ठिकाण पाहायचे. दूरच्या मोठ्या शहरासाठी जहाजाच्या आधी किंवा नंतर रात्री राखून ठेवायच्या. म्हणून रोम आम्ही जहाजावर चढण्यापूर्वी पाहिले. फ्लोरेन्सही लिव्होर्नोहून न गाठता रोमच्या मुक्कामातूनच गाठले. जलदगती रेल्वेने रोम ते फ्लोरेन्स अंतर सुमारे दीड तासाचे आहे आणि संध्याकाळी जहाज सुटण्याची धास्ती नसते. जहाज लिव्होर्नोला लागले त्या दिवशी आम्ही पिसाचा कलता मनोरा पाहून दुपारीच परतलो. बहुतेक प्रवासी फ्लोरेन्सला गेलेले असल्याने जहाजाचे विस्तीर्ण डेक त्या दिवशी आम्हाला निवांत मिळाले.

व्हेनिसचे नाव पत्रिकेत दिसले तर अधिकच काळजीपूर्वक वाचावे. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरच्या जलमार्गाने जाण्यास मनाई झाली आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणजे प्रत्यक्षात मारघेरा, रावेन्ना किंवा त्रिएस्ते असू शकते. रावेन्ना आपल्या प्राचीन मोझेक चित्रांसाठी स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहेच, पण तिथून व्हेनिस बरेच दूर पडते. शिवाय व्हेनिसला केवळ दिवसापुरते येणाऱ्यांकडून 2024 पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क घेतले जाते. व्हेनिस मनात असेल त्यांनी तिथे दोन रात्री राहावे, हेच श्रेयस्कर.

इतके दिवस हा प्रश्न तासांचा होता. आमच्या घरात त्याहून कठीण प्रश्न दुसराच निघाला.

माझी थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात, आमच्याकडेच राहते. वय 74. चौविहार तिने कित्येक वर्षांत चुकवलेला नाही. कंदमुळे वर्ज्य, पाणी उकळलेले. आखणी सुरू झाली तेव्हा ती आपणहून म्हणाली, “तुम्ही सगळे जाऊन या. माझ्यापायी तुमची अडचण नको. मी घर सांभाळते.” मुलाला ते मनातून सोयीचे वाटले असावे. तो म्हणाला, “बाबा, आत्याला तिथे त्रासच होईल. तिच्या जेवणाच्या वेळा पाहत बसलो तर आपलं फिरणं होणार नाही.” त्यात वाईट हेतू नव्हता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहलींचे डबे भरून दिलेल्या बाईला, नियम पाळते म्हणून मागे ठेवायचे, हे मला आणि माझ्या पत्नीला पटेना. पत्नीने सुनेला आणि मुलाला समोर बसवून एवढेच सांगितले, “आधी कागदावर मांडून तर पाहू. जमत नसेल तर सोडून देऊ.”

कागदावर मांडल्यावर जे दिसले ते आम्हालाही नवे होते. भूमध्य समुद्रातील क्रूझचा हंगाम साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. जुलैपासून आपला चातुर्मास, भाद्रपदात पर्युषण आणि दशलक्षण. म्हणजे नियम पाळणाऱ्यांसाठी एप्रिल, मे आणि जून हेच महिने उरतात. आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टीही त्याच वेळी असते आणि जुलै-ऑगस्टमधील तिकडचा कडक उन्हाळा व गर्दी आपोआप टळते.

दुसरा मुद्दा सूर्यास्ताचा. मे महिन्याच्या मध्यावर रोमला सूर्य रात्री सव्वाआठनंतर मावळतो, बार्सिलोनाला नऊच्या सुमारास. इटलीतील बरीच उपाहारगृहे संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. म्हणजे मे-जूनमध्ये सूर्यास्तापूर्वी बाहेर जेवण शक्य आहे. हाच प्रवास ऑक्टोबरमध्ये केला तर रोमचा सूर्यास्त साडेसहाच्या आसपास येतो आणि उपाहारगृहे उघडेपर्यंत अंधार पडलेला असतो. स्पेनमध्ये तर रात्रीच्या जेवणाची वेळच साडेआठ-नऊची. ऑक्टोबरमधील स्वस्त तिकीट म्हणूनच चौविहार पाळणाऱ्याला स्वस्त पडत नाही. जहाजावर ही अडचण कमी असते, कारण तिथे दिवसभर काही ना काही चालू असते आणि संध्याकाळचे जेवण लवकरच्या पाळीत मागून घेता येते. ती पाळी तिकीट काढतानाच मागावी, नंतर भरून जाते.

जेवणाविषयी थोडे तपशीलाने सांगतो, कारण सगळ्यांची पहिली चौकशी तीच असते. अनेक मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतात. पण ‘जैन जेवण’ ही मागणी प्रवासाच्या काही आठवडे आधी लेखी नोंदवावी लागते, आणि ‘जैन’ या एका शब्दावर विसंबू नये. काय चालत नाही याची यादीच द्यावी : मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट. जहाजावर चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटावे. दुसऱ्या दिवशीचे जेवण आदल्या रात्री सांगायचे, हा क्रम ठरवून घेतला की आठवडा सुरळीत जातो. चहाच्या टेबलाजवळ कडकडीत पाणी मिळत असे. आक्काची थर्मासची बाटली आम्ही तिथेच भरून घेत होतो.

शहरात बाहेर जेवताना मात्र आपणच सावध राहावे. इटालियन स्वयंपाकातील बहुतेक सार आणि रस्से कांदा, गाजर आणि सेलरी परतूनच सुरू होतात, त्यामुळे ‘भाजीचे सूप’ म्हटले तरी ते आपल्या उपयोगाचे नसते. पार्मेजानो रेज्जानो हे प्रसिद्ध चीज वासराच्या पोटातील रेनेट घालून केले जाते आणि नियमानुसार तसेच करावे लागते. पास्त्यावर ते न विचारता भुरभुरले जाते. पन्ना कोट्टा या गोड पदार्थात जिलेटिन असते. आम्ही इटालियन आणि स्पॅनिश भाषेत आपल्या वर्ज्य पदार्थांची छापील चिठ्ठी करून नेली होती. ती आचाऱ्यापर्यंत पोचवली की बहुधा आत्मीयतेने उत्तर मिळे. साधा टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि तुळशीच्या जातीची बेसिलची पाने घातलेला पास्ता आक्काला आवडला, हे मी मुद्दाम नमूद करतो.

स्वतंत्र मुक्कामासाठी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली, याचा सर्वांत मोठा लाभ झाला. रोमच्या तेर्मिनी स्थानकाजवळील एस्क्विलिनो बाजारात आणि बार्सिलोनाच्या रावाल भागात आपल्या उपखंडातील लोकांची दुकाने आहेत. तूरडाळ, तांदूळ, कणीक, हिरवी मिरची, भेंडी सहज मिळते. घरून नेण्याच्या वस्तूंबाबत एक नियम पक्का ध्यानात ठेवावा : युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुग्धजन्य पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवावी. आपली सोलापूरची कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी यांना मात्र त्या नियमाची बाधा नाही. जहाजावर विजेची शेगडी, किटली किंवा कुकर नेऊ नये. आगीच्या भीतीने अशी साधने काढून घेतली जातात.

आक्काच्या वेळापत्रकाने आमचा दिवस बांधला गेला, असे आरंभी मुलाला वाटले. आठवडाभराने त्याचे मत बदललेले दिसले. संध्याकाळी सातपूर्वी सगळ्यांनी एकत्र बसायचे हे ठरलेले असल्याने दुपारी चारनंतर नवे ठिकाण काढायचे नाही, ही शिस्त आपोआप आली. जी कुटुंबे दिवसाला पाच ठिकाणे करत होती ती रात्री एकमेकांशी न बोलता झोपायला जात. आमच्याकडे जेवणानंतर दोन तास उजेड शिल्लक असे आणि नातू आजीला आणि आत्याआजीला घेऊन पुन्हा पायी एक फेरी मारून येई.

बंदरातला दिवस नावाजलेल्या स्थळांवरच घालवावा असे नाही, हे नेपल्सने पटवले. तिथे निव्वळ आठ तास हाती होते, म्हणून आम्ही दोन तुकड्या केल्या. मुलगा, सून आणि नातू लोकलसारख्या गाडीने पॉम्पेईला गेले. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे नगर नेपल्सपासून सुमारे 25 किलोमीटरवर आहे. पॉम्पेईत ऊन, दगडी रस्ते आणि चालणे फार. म्हणून आम्ही तिघे ज्येष्ठ नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात गेलो.

तिथे जाण्याचे एक विशेष कारण होते. 1938 साली पॉम्पेईच्या उत्खननात सुमारे 25 सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना लहान सेविका. ती भारतात घडलेली आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे तिचे रूढ नाव, जरी ती लक्ष्मी की यक्षी याविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती महाराष्ट्रात जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात पैठण आणि तगर येथून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे, अशी नोंद आहे. तगरच्या मालात साधे कापड आणि मलमल यांचा उल्लेख आहे. सोलापूरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा या गावाचे कापड रोमन साम्राज्याच्या बाजारात जात होते, हे आपल्या कापडाच्या व्यापाऱ्यांनी तरी जरूर जाणून घ्यावे.

आक्का तेरला दर्शनाला गेली असताना तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील छोटी मूर्ती तिने पाहिलेली होती. नेपल्समध्ये ही मूर्ती ज्या दालनात ठेवली आहे तिथे रोमन काळातील शृंगारचित्रेही आहेत, म्हणून लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी विचार करावा. आम्ही इकडेतिकडे न रेंगाळता थेट मूर्तीपाशी गेलो. आक्का बराच वेळ काचेजवळ उभी राहिली. मग माझ्या पत्नीला म्हणाली, “वहिनी, ही आपल्याकडची बाई दोन हजार वर्षांमागे एकटी इथवर आली. आणि मी म्हणत होते, मी घर सांभाळते.” हे संग्रहालय मंगळवारी बंद असते. जहाज कोणत्या वारी नेपल्सला लागते हे पाहूनच हा बेत करावा.

वाराचा हा मुद्दा सर्वत्र लागू आहे. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद असतात, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार अपवाद. फ्लोरेन्सचे उफित्सी कलादालन सोमवारी बंद. कोलोसियमची तिकिटे नावानिशी मिळतात आणि अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसला प्रवेशाची वेळ ठरवून घ्यावी लागते. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया या भव्य चर्चची तिकिटेही आधीच ऑनलाइन काढावीत. या चर्चची पायाभरणी 1882 साली झाली, म्हणजे आपल्या वालचंदशेठजींच्या जन्मवर्षी, आणि वास्तुकार गाउदी 1926 मध्ये वारल्यानंतरही काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले आहे. तीन रात्री तिथे राहिल्यामुळे आम्हाला ते सकाळच्या आणि संध्याकाळच्या, दोन्ही उजेडांत पाहता आले. रंगीत काचांतून येणारा प्रकाश दोन्ही वेळी निराळा असतो.

आता पैशांविषयी, कारण निवृत्त बँक अधिकाऱ्याने ते सांगितले नाही तर वाचक रुष्ट होतील. सहलीचे पॅकेज भारतातील कंपनीकडून घेतल्यास ती टीसीएस वसूल करते. त्याचे दर अर्थसंकल्पांत बदलत असल्याने त्या वर्षीचा दर आपल्या सनदी लेखापालांना विचारावा. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते, मात्र तोवर रक्कम अडकते, हे रोख नियोजनात धरावे. परदेशी पैसे पाठवण्याची उदारीकृत योजनेतील मर्यादा प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की युरोत?’ असे विचारते. नेहमी युरोच निवडावा, कारण रुपयांत रूपांतराचा दर दुकानदाराच्या बँकेच्या सोयीचा असतो. जहाजावर दररोजचे सेवाशुल्क बहुधा आपोआप खात्यावर चढते. तिकिटाची तुलना करताना ते धरून करावी. समुद्रात मोबाइल जहाजाच्या नेटवर्कला जोडला गेला तर बिल डोळे पांढरे करते. जहाजावर पाऊल ठेवताच फोन विमान-स्थितीत टाकावा.

व्हिसाचे नियम सरळ आहेत, फक्त क्रम चुकू नये. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो. किमान 30,000 युरोचे वैद्यकीय विमासंरक्षण अनिवार्य आहे, परंतु ज्येष्ठांसाठी तेवढ्यावर थांबू नये. आधीचे आजार आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, ते वाचावे. जहाज मध्येच तुर्कस्तानच्या कुशादासीसारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला जाऊन परत येत असेल तर एकापेक्षा अधिक प्रवेशाचा व्हिसा लागतो आणि तुर्कस्तानचा वेगळा पाहावा लागतो. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे डुब्रोव्निकसाठी आता निराळी खटपट नाही.

जहाजाच्या वेळेबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी. जहाज ज्या दिवशी सुटते त्याच दिवशी मुंबईहून विमानाने पोचण्याचा बेत कधीही करू नये. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. तसेच आपण स्वतंत्रपणे फिरायला गेलो आणि उशीर झाला तरीही जहाज थांबत नाही, जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस उशिरा आली तर मात्र तिची जबाबदारी तेच घेतात. म्हणून लांबच्या ठिकाणी जहाजाची सहल घ्यावी आणि जवळच्या ठिकाणी आपले आपण फिरावे. ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असते. जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ एकच आहे ना, हे उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे. बंदरातील प्रतिनिधीचा फोन क्रमांक रोजच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो, तो कागद खिशात ठेवावा.

ज्यांना हा प्रवास करायचा आहे त्यांनी पहिली बैठक जाहिरातपत्रक न उघडता घ्यावी. घरात सर्वांत सावकाश चालणारे कोण, सर्वांत कडक नियम पाळणारे कोण, हे आधी कागदावर लिहावे. मग महिना ठरवावा, मग मुक्कामाची दोन शहरे, मग जहाज. प्रत्येक बंदरासमोर एकूण तास, वजावट आणि निव्वळ तास असे तीन रकाने आखावेत. तिकीट सर्वांत शेवटी काढावे. या क्रमाने गेलात तर घरातल्या ज्येष्ठांपैकी कोणालाही ‘तुम्ही जाऊन या’ असे म्हणण्याची वेळ येणार नाही.